दुपट्यातून मोकळ्या झोपेकडे : वैद्य व औषधालयचालकांसाठी

बाळाला मऊ दुपट्यात गुंडाळून निजविण्याची प्रथा आपल्याकडे घरोघरी आहे. तिला शास्त्राधारही आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात बालकाला क्षौमवस्त्रात लपेटून क्षौम अंथरलेल्या शय्येवर निजवावे, असे सांगितले आहे. झोपलेल्या बालकास एकाएकी जागे करू नये, ते घाबरते, असा इशाराही तेथेच दिला आहे. मात्र हे गुंडाळणे केव्हा व कसे सोडावे, हा प्रश्न माता आपल्याकडे घेऊन येतात. त्याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

केव्हा सोडावे?

नवजात बालक झोपेत दचकते व दोन्ही हात पसरते. ही मोरो प्रतिक्षिप्त क्रिया होय. सामान्यतः चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत ती मावळते. परंतु बाळ कुशीवर वळण्याचा प्रयत्न त्याआधीच, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात किंवा क्वचित त्याहूनही लवकर करू लागते. हात बांधलेले बाळ पालथे झाले तर त्याला तोंड मोकळे करता येत नाही व श्वासावरोधाचा धोका संभवतो. म्हणून दचकणे थांबण्याची वाट पाहू नये. वळण्याचे पहिले चिन्ह दिसताच गुंडाळणे बंद करावे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२२ च्या मार्गदर्शनाचाही हाच आशय आहे. वजन भरलेली दुपटी वापरू नयेत, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. औषधालयचालकांनी हे ध्यानात ठेवावे.

पायांचा विचार

पाय सरळ ताणून घट्ट बांधल्याने वंक्षणसंधी (खुबा) निखळण्याची भीती असते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास याविषयी देशव्यापी लोकशिक्षण झाले आणि त्यानंतर या विकाराचे प्रमाण लक्षणीय घटले. म्हणून गुंडाळण्याच्या काळातही पाय गुडघ्यात दुमडून बाजूला पसरता यावेत, इतकी कमरेखाली सैल जागा ठेवावी. पायाळू जन्मलेल्या बाळांत व मुलींत हा धोका अधिक असतो. एक मांडी कमी उघडत असेल अथवा पाय आखूड दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

क्रम

बाळ अद्याप वळत नसेल तर पुढील क्रम सुचवावा.

१. प्रथम एक हात बाहेर ठेवावा. तीन-चार रात्रींनी दुसराही मोकळा करावा.
२. त्यानंतर केवळ छातीभोवतीचा सैल वेढा ठेवावा आणि तोही काही दिवसांत काढावा.
३. निजविताना बाळ सावकाश टेकवावे. प्रथम नितंब, मग पाठ, शेवटी डोके. क्षणभर छातीवर हात ठेवावा. दचकणे पुष्कळ कमी होते.
४. बाळास नेहमी उताणे, सपाट व घट्ट गादीवर निजवावे. उशी, जाड गोधडी जवळ नसावी.
५. ऋतुमानानुसार सुती झबले पुरे. मानेमागे घाम जाणवल्यास कपडे कमी करावेत.

बाळ वळू लागले असेल तर मात्र क्रम न पाळता त्याच रात्री दोन्ही हात मोकळे करावेत.

स्पर्शनेंद्रियात वायूचे आधिक्य असते, म्हणून चरकाचार्यांनी अभ्यंगाचे महत्त्व सांगितले. सायंकाळी हलक्या हाताने केलेला अभ्यंग व कोमट स्नान या दिवसांत उपयुक्त ठरते. वस्त्रे व शय्या मृदू, हलकी, स्वच्छ असावी, हा चरकोक्त नियम येथेही लागू आहे.

झोपेच्या औषधाचा मोह

या संक्रमणकाळात बाळ काही रात्री वारंवार उठते. त्रासलेली घरे मग गुटीत जायफळाचे वेढे वाढवितात किंवा दुकानात येऊन झोपेचे काहीतरी मागतात. एके काळी याच कारणास्तव बाळांना अफू चाटविली जाई, याचे स्मरण ठेवावे. जायफळाची अतिमात्रा विषारी ठरते. सर्दीची गुंगी आणणारी औषधेही याकरिता मुळीच देऊ नयेत. गाढ गुंगीतील बाळाला श्वासास अडथळा आला तरी वेळेवर जाग येत नाही. अशा वेळी रिकाम्या हाताने परत पाठविणे, परंतु वरील क्रम नीट समजावून सांगणे, हेच खरे औषध होय.

ज्वर, दूध न ओढणे, श्वास जलद होणे वा बाळ मलूल दिसणे, यांपैकी काही आढळल्यास झोपेचा विचार बाजूस ठेवून तत्काळ तपासणी करावी. अन्यथा मातेस धीर द्यावा. बहुतेक बाळे एक-दोन आठवड्यांत मोकळ्या झोपेस सरावतात.