कळीचा चुना

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यातले गाव. अशा गावांत ईद किंवा दिवाळी जवळ आली, की काही घरांच्या भिंतींना चुना लावतात. हा चुना कसा तयार होतो, ते पाहू या.

चुनखडी हा एक दगड आहे. भट्टीत तो सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली, की ५६ किलो कळीचा चुना उरतो. मग ४४ किलो पदार्थ कोठे गेला? तो नाहीसा झाला नाही. तो कार्बन डायऑक्साइड वायू होऊन हवेत मिसळला.

कळीचा चुना पाण्यात टाकला, की पाणी खदखदू लागते. खाली जाळ नसतो, तरी वाफा निघतात! चुना व पाणी यांच्यात रासायनिक बदल होतो आणि उष्णता बाहेर पडते. उष्णता ही ऊर्जा आहे.

भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो. त्याची पुन्हा चुनखडी बनते. म्हणून तो भिंतीला धरून राहतो.

मुलांनो, चुना भिजवताना जवळ जाऊ नका. त्याचा थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते. असे झाल्यास डोळा चोळू नका. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

शब्दार्थ : नाहीसा होणे – गायब होणे, दृष्टी – नजर, ताबडतोब – लगेच.

प्रश्न : जाळ नसताना पाणी का खदखदते?