सोनं खरं, पण पदरात पडेल?

टोरांटोत राहणाऱ्याच्या कानावर खाणींचे शेअर पडतातच. दर मार्चमध्ये इथे पीडीएसी हा खाणउद्योगाचा मोठा मेळा भरतो. कंपन्या ड्रिलिंगमधून निघालेले दंडगोल खडक टेबलावर मांडून बसतात. कॅनडाच्या उत्तरेला, नुनावुतमध्ये सोनं शोधणाऱ्या एका कंपनीचा असा खडक मी भिंगातून पाहिला होता. करड्या दगडात पिवळा ठिपका चक्क दिसत होता. शेअर घेतले. फसवाफसवी काही नव्हती, तरी पैसे गेले.

कसे ते सांगतो. तिथे कामाला मिळतो जेमतेम उन्हाळा. डिझेल, यंत्रं, माणसं, सगळं विमानानं. उत्पन्न शून्य. म्हणून कंपनी दरवर्षी नवे शेअर काढायची, आधीपेक्षा स्वस्तात. माझे शेअर तेवढेच राहिले, कंपनीतला वाटा मात्र पातळ होत गेला. शेवटी दहा शेअरांचा एक केला. सोनं अजून तिथेच आहे, जमिनीत.

खाण सुरू झाली म्हणजे सुटलो, असंही नाही. जेरिको ही नुनावुतमधली पहिली हिऱ्याची खाण 2006 मध्ये सुरू झाली. तिचं इंधन येलोनाइफ शहराजवळून निघणाऱ्या बर्फाच्या रस्त्यानं यायचं. हा रस्ता बहुतेक गोठलेल्या तळ्यांवरून जातो. भरलेला ट्रक जोरात हाकला तर खालच्या पाण्यात लाट उठून बर्फ फुटतो. त्याच वर्षी हिवाळा उबदार निघाला आणि रस्ता लवकर बंद झाला. 2008 मध्ये खाणही बंद पडली.

समुद्रतळाची तीच गत. नॉटिलस मिनरल्स या कंपनीला पापुआ न्यू गिनीजवळ सुमारे 1600 मीटर खोलीवर सात टक्के तांब्याचं खनिज मिळालं होतं. जमिनीवरच्या कितीतरी खाणी एक टक्क्याहून कमी तांब्यावर चालतात. तळ खोदणारी यंत्रं तयार होती, पण जहाज पैशाअभावी अडकलं. 2019 मध्ये कंपनी बुडाली. पापुआ न्यू गिनीच्या सरकारनं या प्रकल्पात 15 टक्के वाटा घेतला होता, तोही पाण्यात.

तेव्हा कोणी असा शेअर सुचवला, तर टनामागे किती ग्रॅम हे शेवटी विचारा. आधी ताजा तिमाही अहवाल उघडा. हातातल्या रोकडीला तिमाहीच्या खर्चानं भागा. उत्तर चारपेक्षा कमी आलं, तर वर्षाच्या आत नवे शेअर निघणार हे धरून चाला. पाच वर्षांपूर्वीची आणि आजची एकूण शेअरसंख्या शेजारी शेजारी लिहा. इंधन कसं येणार, माल कसा जाणार, रस्ता, बंदर, वीज कोणाच्या खर्चानं, ते वाचा. याचं उत्तर अहवालात नसेल, तर तो कागद तिथेच मिटा.

एवढं पाहूनही घ्यायचाच असेल आणि रोकड संपत आली असेल, तर थोडं थांबा. नवे शेअर निघतात तेव्हा भाव बहुधा खाली येतो. आधी दुसऱ्यांचा वाटा पातळ होऊ द्या.