गोळी, पॅच आणि रक्ताची गुठळी

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन गोळीवाटे घेतल्यास खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्वचेवाटे नेहमीच्या मात्रेत घेतल्यास तशी वाढ आढळलेली नाही. याविषयी निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ मावशी आणि तिच्या भाचीचा हा संवाद.

भाची : औषध तेच, मग फरक का?

मावशी : पोटात घेतलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात पोचते. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवतं. इस्ट्रोजेनचा लोंढा तिथे आला की त्यांतले काही घटक वाढतात आणि त्यांना आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस ही प्रथिनं घटतात. पॅच किंवा जेलमधलं इस्ट्रोजेन थेट रक्तात उतरतं, यकृतावर एकदम मारा होत नाही.

भाची : ते कळलं. पण आईला गोळीने गुठळी होईल का?

मावशी : "किती जणींना होते" असं विचार. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' चाचणीत १६,६०८ स्त्रिया होत्या. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांत वर्षाला दहा हजारांत सुमारे ३४ जणींना गुठळी झाली, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत १६ जणींना. २००२ मध्ये चाचणीचा हा भाग थांबला आणि 'दुप्पट धोका' तेवढा गाजला. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हे कोण सांगतं? पन्नाशीतल्या किती बायका घाबरून इस्ट्रोजेन न घेता अंगातल्या गरम वाफा सोसत राहिल्या!

भाची : तरी दुप्पट म्हणजे दुप्पटच ना?

मावशी : पुन्हा तेच! दुप्पट खरंच, पण कशाच्या दुप्पट ते बघ. वय, लठ्ठपणा, आधी झालेली गुठळी, फॅक्टर व्ही लायडनसारखा आनुवंशिक दोष यांनी मूळचा धोकाच मोठा असतो. आणि गोळीने वाढणारा धोका पहिल्या वर्षी सर्वाधिक. हे सगळं न विचारता चिठ्ठी लिहून देणं मला मुळीच पटत नाही.

भाची : मग पॅच लावला की झालं?

मावशी : फ्रान्सच्या 'एस्थर' अभ्यासात गोळीने धोका सुमारे चौपट दिसला, त्वचेवाटे वाढलेला दिसला नाही. मात्र गर्भाशय असेल तर जोडीला प्रोजेस्टोजेन लागतंच, आणि त्याचे काही प्रकार गुठळीचा धोका वाढवतात. म्हणून तेही निवडून घ्यावं लागतं.

भाची : आणि तरीही आईला झालीच तर?

मावशी : एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर सकाळची वाट न बघता तिला रुग्णालयात ने. आणि हार्मोन सुरू आहेत, हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांग.