खांद्याला की हातात?

अगं, तू पाठवलेले सगळे व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिले, कारण तुला त्यात काय दिसतंय ते मला समजून घ्यायचं होतं. तो अमेरिकेतला माणूस नऊ एमएमच्या दोन कार्बाइन शेजारीशेजारी मांडतो, दोघींच्या किमती सांगतो, मग मॅगझीन भरून धडाधड झाडतो. आणि तू खाली विचारतेस, "ताई, यातली कुठली घेऊ? बोनसचे पैसे बाजूला ठेवलेत."

तर आधी सरळच सांगते. यातली एकही तुला घेता येणार नाही. नऊ एमएमची गोळी आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडते. सिल्वासाच्या कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन गेलीस तरी तिथून तो परवाना मिळत नाही. तो अधिकार दिल्लीच्या गृहखात्याकडे आहे आणि ज्यांच्या जिवाला खरोखर मोठा धोका आहे अशा मोजक्यांनाच तो दिला जातो. शस्त्र कायदा १९५९ चा, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशी वस्तू विनापरवाना जवळ सापडली तर किमान सात वर्षं आणि कमाल चौदा वर्षं कैद आहे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "मॅडम, माल घरपोच, लायसनची गरज नाही" म्हणाला, तर उत्तरही देऊ नकोस. एक तर तो पैसे घेऊन गायब होईल, नाही तर खरंच काहीतरी आणून देईल, आणि दुसरं पहिल्यापेक्षा वाईट.

आता तुला त्या कार्बाइनचं एवढं आकर्षण का वाटतं, ते मला कळतं. पिस्तुलाची लहान गोळी, म्हणून धक्का कमी. लांब नळी आणि खांद्याला टेकणारा दस्ता, म्हणून नेम स्थिर. लहान गोळीला आतली यंत्रणाही साधी चालते, म्हणून किंमत आटोक्यात. हे गणित आपल्या लष्करालाही पटलेलं आहे. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून नऊ एमएमचं 'अस्मी' मशीन पिस्तूल केलं. ते जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालं. त्यामागे लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं नाव आहे. चार महिन्यांत ते उभं राहिलं, ट्रिगरचे भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केले, आणि एकाचा खर्च पन्नास हजारांच्या आत बसेल असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे हैदराबादच्या लोकेश मशीन्सने ते बनवलं आणि २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर कमांडने साडेपाचशे नगांची मागणी नोंदवली. मला त्याचा खूप अभिमान वाटतो. पण ते सैनिकाच्या हातातलं शस्त्र आहे, तुझ्या-माझ्या कपाटातलं नाही.

एक गोष्ट मात्र मला आधी विचारायची आहे, आणि खरं सांग. हे नेमबाजीच्या आवडीने चाललंय, की पिपरियाच्या कंपनीतून रात्रपाळी करून परत येताना भीती वाटते म्हणून? भीती वाटत असेल तर तो विषय वेगळा आहे आणि तो बंदुकीने सुटत नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं बत्तीस बोअरचं हलकं रिव्हॉल्वर बायकांसाठी म्हणून काढलं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. इतका पैसा, परवान्याची धावपळ, आणि शेवटी ते पर्सच्या तळाशी. अंधारात कुणी मागून पर्सच ओढली तर शस्त्र त्याच्या हातात जाणार. त्यापेक्षा कंपनीची गाडी दारापर्यंत आलीच पाहिजे, असं चौघीजणी मिळून लेखी मागा. अर्ज मी लिहून देते. ११२ नंबर फोनवर पहिल्या पानावर ठेव. हे आजच कर.

आणि आवडच असेल, तर मला फार आनंद आहे गं. आपण ज्या गावात वाढलो, त्याच्या पोर्तुगीजांपासून मुक्तीसाठी शस्त्रांना पैसे हवेत म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या, सुधीर फडके स्वतः त्या मोहिमेत उतरले होते, आणि २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मोकळं झालं. तुझ्या वयाच्या मुलीने आज तिथे उभं राहून नेम धरावा तो कागदावरच्या काळ्या गोलावर. त्यासाठी तुला परवडेल अशी निवड आहे, आणि ती अगदी त्या व्हिडिओसारखीच दोघींमधली आहे: एअर रायफल की एअर पिस्तूल? खांद्याला की हातात?

४.५ मिलिमीटरची, वीस ज्यूलच्या आतली एअर गन घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र मागेल, ते दे आणि पक्कं बिल घे. स्पर्धेतल्या दहा मीटरच्या रायफली आणि पिस्तुलं या मर्यादेत सहज बसतात. पॉइंट टू-टू बोअरची बंदूक मात्र परवान्याची, काडतुसांच्या कोट्याची आणि मोठ्या खर्चाची वाट आहे. ती पुढे कधीतरी.

सगळे किंमत बघतात ती फक्त शस्त्राची. नव्या परदेशी मॅच पिस्तुलाला साधारण दीड-दोन लाख धर. मोरिनी, स्टायर, वॉल्थर ही नावं तू ऐकशील. चांगली रायफल, म्हणजे फाइनवेर्कबाऊ किंवा वॉल्थर, त्याहून वर जाते. हॅमर्लीची एआर ट्वेंटी त्यांच्यापेक्षा स्वस्त आहे आणि आपल्याकडची बरीच मुलं तिच्यावरच सुरुवात करतात. पण रायफल एकटी घरी येत नाही. तिच्याबरोबर कडक कापडाचं जाकीट, पँट, बूट, हातमोजा हे सगळं येतं. नियमात त्या कापडाची जाडीसुद्धा अडीच मिलिमीटरपर्यंतच बांधलेली आहे. हा संच अंगाच्या मापाचाच लागतो. ते जाकीट घालून सिल्वासाच्या मे महिन्यात तासभर उभं राहणं म्हणजे काय, ते मी तुला गोड करून सांगणार नाही. पिस्तुलाला यातलं काही लागत नाही. अंगावरचा टी-शर्ट आणि सपाट बूट पुरतात.

मग रायफल का घ्यावी? कारण ती तुला आधार देते. गाल, खांदा, दोन्ही हात, सगळं शरीर तिच्याभोवती बसतं. तू व्हिडिओत जे पाहून भारावलीस, ते हेच. पण त्याच कारणाने तिथे चूक माफ होत नाही. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि गुण दशांशात मोजतात. पिस्तुलाचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो, पण हात एकच, सुटा, कुठेही न टेकलेला. साधारण किलोभराचं पिस्तूल पुढे धरून साठ वेळा वर-खाली करायचं, पंचाहत्तर मिनिटांत. २०१८ च्या आधी बायकांना चाळीसच गोळ्या असायच्या. आता पुरुषांइतक्याच साठ, आणि हे फार आधीच व्हायला हवं होतं.

तुझ्यापुरतं माझं मत स्पष्ट आहे: पिस्तूल घे. तुझ्याकडे वेळ पाळीपाळीने मिळतो आणि पिस्तुलाचा सराव घरच्या भिंतीसमोर, छर्रा न घालतासुद्धा होतो. चांगल्या मॅच पिस्तुलात ड्राय फायरची सोय असतेच. रोज पंधरा मिनिटं हात उचलून धरणं, श्वास, ट्रिगरवरचं बोट, एवढ्यानेच पाया बसतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. भारतीय नेमबाज बाईला तिथे मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. तुझा हात तिच्यासारखा होईल असं वचन मी देत नाही. पण वाट आहे आणि ती आपल्याच मुलींनी पाडलेली आहे. रेंजवर उभी राहिल्यावर रायफलनेच मन ओढून घेतलं, तर माझं ऐकू नकोस. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलमध्ये. रायफलवाल्यांचं घराणंही मोठं आहे.

खरा खर्च सुरू होतो तो नंतर. छर्ऱ्यांच्या एका डब्यात पाचशे छर्रे असतात. रोज ऐंशी झाडलेस तर आठवडाही पुरत नाही. त्यावर रेंजची फी, कोचची फी, वापी ते मुंबई गाडीभाडं. म्हणून बोनसचा आकडा बघून शस्त्र ठरवू नकोस. वर्षभराचा दर महिन्याचा खर्च कागदावर मांड, तो बाजूला काढ, आणि उरतील त्यात शस्त्र बसव. स्वप्नील कुसाळे कांबळवाडीसारख्या लहान गावातून निघाला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन उभा राहिला. मधल्या इतक्या वर्षांत क्रीडा प्रबोधिनी होती, रेल्वेची नोकरी होती, घरच्यांनी सोसलेला खर्च होता. बातमीत शेवटचा दिवसच मोठा दिसतो.

जुनं घ्यायला अजिबात लाजू नकोस. मॅच पिस्तूल नीट वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं, आणि खेळ सोडणाऱ्या मुलांकडून चांगली मिळतात. फक्त हवेच्या नळकांड्यावरची तारीख आधी वाच. बनवल्यापासून दहा वर्षं, तेवढंच त्याचं आयुष्य. त्यानंतर स्पर्धेत ते चालत नाही आणि नव्या नळकांड्याला बरेच पैसे पडतात. मूठ तुझ्या हाताची आहे का पाहा, कारण मुठी लहान-मध्यम-मोठ्या आणि डाव्या-उजव्या येतात. मोठी मूठ घेऊन कापडाच्या पट्ट्या गुंडाळत बसलीस तर मनगट चुकीचं शिकतं, आणि ते पुढे सुटता सुटत नाही. मूळ मालकाचं बिल आणि नंबर जुळतोय का, तेही बघ.

आणि दुरुस्ती कोण करणार, ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस. टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीच मुलगी पॅरिसहून दोन पदकं घेऊन आली, पण तिच्याभोवती माणसं होती. तुझ्या पिस्तुलाची सील गळायला लागली तर सिल्वासात कोण आहे? म्हणून तू जिथे शिकशील तिथल्या कोचकडे ज्या कंपनीची पिस्तुलं आहेत, तीच घे. सुटे भाग तिथेच असतात.

पण हे सगळं चार-सहा महिन्यांनंतर. आधी काहीही विकत घेऊ नकोस. बहुतेक क्लबमध्ये शिकायला शस्त्र मिळतं. आमच्या पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. पुण्याला बालेवाडीची रेंज आहे, पण ती तुला लांब पडेल. माझ्याकडे दोन दिवस राहायला ये, आपण दोघी जाऊ. दोन्ही हातात घेऊन बघ, दोन्ही झाड, मग ठरव.

येताना आधार कार्ड आण, सपाट तळाचे बूट घाल, आणि आदल्या रात्री रात्रपाळी घेऊ नकोस, झोप झालेली नसली की हात थरथरतो. वापीहून पहाटेची गाडी धर, मी स्टेशनवर येते.