जाहिरात न करता धंदा कसा चालतो? वकिलांकडून शिकायचे चार धडे



"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," असं आपण म्हणतो. पण ज्यांची रोजीरोटीच त्या पायरीवर आहे, त्या वकिलांचा धंदा कसा चालतो याचा कधी विचार केलाय? ऑफिसचं भाडं, ज्युनिअर, टायपिंग, झेरॉक्स, पेट्रोल हा सगळा खर्च त्यांनाही आहेच. वर त्यांना जाहिरात करायची बंदी! व्हिडिओत हा विषय थोडक्यात घेतला होता, इथे नीट समजून घेऊ. यात धंद्याचे धडे आहेत आणि उद्या वकील लावायची वेळ आली तर काय बघायचं तेही आहे.

धडा १ : ग्राहक कामातून येतो

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, दलाल लावून काम मिळवता येत नाही. २००८ पासून वेबसाइटला परवानगी आहे, पण तिथे फक्त नाव, पत्ता, फोन, सनदेची माहिती, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढंच. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन पोर्टलवरून काम मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करा, असं बार कौन्सिलला सांगितलं.

मग अशील येतो कुठून? तारखेच्या आदल्या दिवशी ज्याला फोन गेला, कोर्टात आज काय झालं हे ज्याला सोप्या भाषेत कळलं, तो अशील चार जणांना सांगतो. आता स्वतःला विचारा: उद्या तुमचं इन्स्टाग्राम पेज बंद पडलं, तर किती ग्राहक स्वतःहून फोन करतील? तो आकडा म्हणजे तुमची खरी पत.

धडा २ : पैशाचं बोलणं आधी

केस जिंकली तरच फी, किंवा मिळालेल्या रकमेत टक्का, असा करार वकिलाला करता येत नाही. फी कामाचीच घ्यावी लागते. आणि काम किती वर्षं चालेल हे त्याच्या हातात नसतं!

साधा हिशोब बघा. समजा ६०,००० रुपये ठोक फी ठरली आणि केस ५ वर्षं चालली. महिन्याला पडले १,००० रुपये. त्यातून ऑफिसचं भाडं तरी निघेल का? म्हणून हुशार वकील टप्पे पाडतो: नोटीस, दावा दाखल करणं, पुरावा, युक्तिवाद. प्रत्येक टप्प्याची फी वेगळी आणि लेखी.

तुम्ही इंटिरिअरचं काम घेत असाल, केटरिंग करत असाल, सॉफ्टवेअर बनवत असाल, तुम्हालाही हेच लागू आहे. "तुम्ही करा हो, पैशाचं बघू नंतर" या वाक्यावर काम सुरू करायचं नाही.

धडा ३ : नियम बदलला की बाजार बदलतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही नवे आले. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू. म्हणजे वीस वर्षं ज्यांना कलमं तोंडपाठ होती, त्यांनाही आता जुनं आणि नवं दोन्ही सांभाळावं लागतंय.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांना आधी मुंबई गाठावी लागायची. आता उच्च न्यायालयाचं काम शिकून घेतलेल्या स्थानिक वकिलाला दार उघडलंय. तयारी नसलेल्याला मात्र मुंबईहून येणाऱ्या अनुभवी वकिलांशी स्पर्धा करावी लागेल. संधी एकच, पण फायदा तयारी असलेल्यालाच.

तुमच्या धंद्यातला कोणता नियम या वर्षी बदललाय? माहीत नसेल तर आजच शोधा.

धडा ४ : वकील लावताना तुम्ही ग्राहक आहात, पण...

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे काम नीट झालं नाही म्हणून ग्राहक मंचात जाता येणार नाही. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, नुकसानीसाठी दिवाणी कोर्ट आहे. पण दोन्हीकडे कागद लागतो. म्हणून फीची पावती, कामाचे टप्पे, दिलेल्या कागदपत्रांची यादी हे सगळं जपून ठेवा.

आणि जीएसटी विसरू नका. वकील किंवा वकिलांची फर्म तुमच्या व्यवसायाला सेवा देते तेव्हा बिलावर जीएसटी दिसत नाही. पण तुमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपुढे असेल, तर रिव्हर्स चार्जखाली १८ टक्के तुम्हालाच भरायचे असतात, तेही रोखीतून. आपल्या सीएंना नक्की विचारा.

आजचा गृहपाठ

वहीत तीन गोष्टी लिहा:

- गेल्या ५ ग्राहकांपैकी किती जण कुणाच्या सांगण्यावरून आले?
- सध्या हातात असलेल्या किती कामांचा दर लेखी आहे?
- तुमच्या धंद्याला लागू असलेला कोणता नियम नुकताच बदलला?

तिन्हीची उत्तरं लगेच देता आली, तर तुमचा पाया पक्का आहे. एखाद्यावर अडलात, तर या आठवड्यात तिथूनच सुरुवात करा.

भेटू पुढच्या भागात!