बालवाडीत नुसता खेळच?

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. पिरंगुटच्या बालवाडीत मणी ओवणं, मातीकाम, गाणी एवढंच चालतं, वही कोरी. वर आजीलाही शाळेत बोलावतात. शेजारची मुलगी शंभरपर्यंत आकडे लिहिते. शाळा बदलू का?
– एक आई, ता. मुळशी

उत्तर : ताई, एवढ्यात नको. मणी ओवताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र येतं. उद्या पेन्सिल धरायची ती याच तीन बोटांनी. हाताचे स्नायू कोवळे असताना गिरवायला बसवलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं. शेजारच्या मुलीला डब्यातल्या सात गोट्या मोजून द्यायला सांगून बघा. आकडे लिहिणं वेगळं, मोजणं वेगळं.

आजीला बोलावणं ही काही नवी टूम नाही; आजूबाजूला जे आहे त्यातूनच शिकवण्याची ती जुनी रीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभारलं, ते महागड्या साधनांवर नव्हे. बिया, शिंपले, पानं यांवर. आणि मुळशी तर आंबेमोहोराचा तालुका! आजी सूप घेऊन जाऊ दे. पाखडताना फोल पुढे उडतं, तांदूळ मागे राहतो. मुलं प्रश्न विचारून तिला भंडावतील. मग खडे वेचायचे, मोजायचे.

घरी रोज पानं त्याला वाढायला लावा : माणसं किती, वाट्या किती? सांडलं तर सांडू द्या. बाईंना मात्र एक जरूर विचारा : रोज गोष्ट सांगता का, आणि मुलांना मध्ये बोलू देता का? उत्तर ‘नाही’ आलं, तर शाळेचा फेरविचार करा.