युद्धाची भाषा आणि सम्यक वाचा



दर वंदनेच्या वेळी आपण चौथे शील ग्रहण करतो. खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याची ती प्रतिज्ञा आहे. परंतु हे शील घरापुरते, फार तर शेजारपाजारापुरते आहे, अशी आपली समजूत झालेली दिसते. राज्यकर्त्याने सभेत उच्चारलेल्या एका शब्दाने हजारो माणसे मरणाच्या दारी जाऊ शकतात. मग त्या शब्दाला हा नियम लागू नको काय?

या पाठात आपण त्याचाच विचार करावयाचा आहे. उदाहरण म्हणून २००३ सालचे इराकचे युद्ध घेऊ. त्या युद्धासाठी काय काय सांगितले गेले आणि त्यातले खरे किती होते, हे पुढे अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांच्याच चौकशी समित्यांनी उजेडात आणले आहे.

गरज आणि इच्छा

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बुद्धाची अहिंसा म्हणजे अन्यायापुढे मान तुकविणे नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत स्पष्ट भेद केला आहे. केवळ इच्छेपोटी होणारी हिंसा बुद्धाने निषिद्ध मानली. सिंह सेनापतीला दिलेल्या उत्तराचा आशयही असाच आहे. सर्व युद्ध शोचनीयच होय. तथापि संघर्ष टाळण्याचे सर्व उपाय थकल्यावर शांततेच्या रक्षणासाठी जो युद्धात उतरतो, तो दोषी नव्हे.

म्हणजे कोणत्याही युद्धाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की येथे गरज आहे की इच्छा? ज्याच्या मनात केवळ इच्छा असते तो तसे कधीच बोलून दाखवीत नाही. तो इच्छेला गरजेचा वेष चढवितो. आणि हा वेष शब्दांचा असतो.

शब्दांनी काय केले

इराकचा सत्ताधीश सद्दाम हुसेन हा क्रूर होता, यात शंका नाही. मार्च १९८८ मध्ये हलबजा येथील कुर्द लोकांवर त्याच्या सैन्याने विषारी वायू सोडून हजारो माणसे मारली. हे सत्य आहे. परंतु २००३ साली प्रश्न निराळा होता. आज त्याच्यापाशी अशी शस्त्रे आहेत काय, आणि त्यांच्यापासून इतर देशांना तातडीचा धोका आहे काय? या प्रश्नाचे उत्तर पुराव्याने द्यावयाचे होते. ते शब्दांनी दिले गेले. त्याच्या चार तऱ्हा लक्षात ठेवा.

पहिली तऱ्हा, एका टोपलीत सर्व काही घालण्याची. ‘सामूहिक संहाराची शस्त्रे’ हा शब्दप्रयोग अहोरात्र कानावर आदळत होता. विषारी वायूचा जुना तोफगोळा, रोगजंतू आणि अणुबॉम्ब ही तिन्ही त्यात येतात. वस्तुतः त्यांच्या संहारशक्तीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुरावा तोफगोळ्याविषयी मागावा तर भीती अणुबॉम्बची दाखवावी, ही सोय त्या एका शब्दाने झाली. ठाम पुराव्याची वाट पाहाल तर तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानेच येईल, असे अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये बजावले. अशा वाक्यापुढे पुरावा मागणाराच बेजबाबदार ठरतो.

दुसरी तऱ्हा, ‘हिशेब लागत नाही’ याचे ‘आहे’ असे करण्याची. इराकच्या जुन्या साठ्यापैकी काही रसायनांचा कागदोपत्री हिशेब जुळत नव्हता. हिशेब न जुळणे म्हणजे माल अस्तित्वात असणे नव्हे, असे संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख शस्त्रतपासनीस हान्स ब्लिक्स सांगत होते. गावच्या सोसायटीच्या वहीत दहा पोती कमी भरली, तर ती अमुक माणसाच्याच घरात आहेत असे सिद्ध होते काय? चौकशी करावी लागते. पण युद्धाच्या भाषेत ही पायरीच गाळली गेली.

तिसरी तऱ्हा, ‘कदाचित’ हा शब्द पुसून टाकण्याची. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्यांनी तयार केलेल्या गुप्त अहवालात शंका होत्या, मतभेदही होते. इराकने विकत घेऊ पाहिलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या अणुबॉम्बच्या कामाच्या नसून अग्निबाणाच्या असाव्यात, असे ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांचे मत होते. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीत मात्र या शंका बहुतांशी गळाल्या. ब्रिटनच्या सरकारने २४ सप्टेंबर २००२ रोजी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत इराकची काही शस्त्रे हुकूम सुटल्यापासून ४५ मिनिटांत सज्ज होऊ शकतात, असे म्हटले होते. मूळ माहिती रणभूमीवरील जवळच्या पल्ल्याच्या शस्त्रांविषयी होती. तो खुलासा पुस्तिकेत नव्हता. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी विनाश ४५ मिनिटांवर आल्याचे मथळे दिले.

चौथी तऱ्हा, दोन गोष्टी शेजारी ठेवण्याची. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे झालेल्या हल्ल्यांत सद्दामचा हात होता, असे बुश यांनी सरळ म्हटले नाही. फक्त भाषणामागून भाषणात ते हल्ले आणि इराक यांचा उल्लेख लागोपाठ होत राहिला. परिणामी २००३ च्या ऑगस्टमधील एका पाहणीत सुमारे ६९ टक्के अमेरिकनांना त्या हल्ल्यांत सद्दामचा हात असणे संभवनीय वाटत होते. तसा पुरावा नाही, हे बुश यांनी त्याच सप्टेंबरात कबूल केले. तोवर युद्ध सुरू होऊन सहा महिने लोटले होते.

भय आणि लाभ

ही माहिती तपासून घेणारी जाणती माणसे सरकारात नव्हती काय? होती. येथे सम्यक वाचेचा एक विशेष अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. सम्यक वाचा ही भयापोटी वा लाभापोटी असू नये, आपल्या बोलण्याविषयी वरिष्ठाला काय वाटेल याचा विचार तीत नसावा, असे बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात सांगितले आहे.

२३ जुलै २००२ रोजी लंडनला पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्याकडे एक बैठक झाली. वॉशिंग्टनहून परतलेल्या गुप्तचर प्रमुखांनी तेथे सांगितले, की युद्ध आता अटळ मानले जात आहे आणि माहिती व वस्तुस्थिती त्या धोरणाभोवती बसविली जात आहे. हे टिपण २००५ साली वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. निर्णय आधी आणि कारण मागाहून, असा हा उलटा क्रम होता.

५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा समितीपुढे इराकच्या फिरत्या जंतुशाळांचे वर्णन केले. ते मुख्यतः जर्मन गुप्तचरांच्या हाती लागलेल्या एका इराकी निर्वासिताच्या सांगण्यावर आधारलेले होते. युद्धापूर्वी अमेरिकी गुप्तचरांनी त्याची स्वतः उलटतपासणी केली नव्हती. आपण ते रचून सांगितले, असे त्याने २०११ साली कबूल केले. हे भाषण आपल्या कारकीर्दीवरील डाग आहे, असे पॉवेल यांनीही २००५ साली मान्य केले.

चौकशी आणि रोहिणीचे पाणी

बाबासाहेबांच्या ग्रंथातील रोहिणी नदीचा प्रसंग आठवा. पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात मारामारी झाली. सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. तरुण सिद्धार्थाने त्यास विरोध केला. आगळीक कोणाची हे आधी ठरवा. दोघे आपले, दोघे त्यांचे आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांकडून चौकशी करवा, अशी त्याची सूचना होती. ती प्रचंड बहुमताने फेटाळली गेली. चौकशीत आपला पक्ष उघडा पडेल ही भीती ज्याला असते, त्याला युद्धाची घाई असते.

इराकमध्ये चौकशी तर चालूच होती. ८ नोव्हेंबर २००२ रोजी सुरक्षा समितीने १४४१ क्रमांकाचा ठराव एकमताने मंजूर केला आणि तपासनीस इराकमध्ये परतले. ७ मार्च २००३ रोजी ब्लिक्स यांनी सांगितले की उरलेल्या कामाला वर्षे नकोत, आठवडे पुरणार नाहीत, काही महिने लागतील. अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल्-बरादेई यांनी इराकचा अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा आढळला नाही, असे निवेदन केले. ते महिने दिले गेले नाहीत. १८ मार्चला तपासनीस बाहेर पडले आणि २० मार्चला बॉम्ब पडू लागले.

२००४ साली अमेरिकेच्याच शोधपथकाने निष्कर्ष काढला की शस्त्रांचे साठे नव्हते. २०१६ सालच्या ब्रिटिश चिलकॉट अहवालाने म्हटले की शांततेचे मार्ग संपलेले नव्हते आणि लष्करी कारवाई हा त्या वेळी अखेरचा उपाय नव्हता. सिंह सेनापतीला दिलेल्या उत्तराशी हे ताडून पाहा.

दरम्यान ब्रिटनचे १७९ आणि अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक मेले. इराकचे सामान्य नागरिक लाखाहून अधिक मेले. त्यांच्यासाठीही एक शब्द तयार होता, ‘कोलॅटरल डॅमेज’. म्हणजे आनुषंगिक नुकसान! वाहतुकीत फुटलेल्या कपबशांविषयी बोलावे तसे मेलेल्या माणसांविषयी बोलले गेले.

आपल्या देशातही या प्रसंगी शब्दांचा वाद झाला. एप्रिल २००३ मध्ये संसदेत ठराव आणताना कडक इंग्रजी शब्द वापरावा की सौम्य, यावर सरकार आणि विरोधी पक्ष यांचे जमेना. शेवटी हिंदीतील ‘निंदा’ हा शब्द घेऊन ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. मात्र इराकमध्ये सैन्य न पाठविण्याचा निर्णय सरकारने त्या जुलैमध्ये घेतला, हे नमूद केले पाहिजे.

आपण काय करावे?

उद्या कोणीही, कोणत्याही देशात, आपल्याही देशात, युद्धाची हाक दिली तर घोषणेत सूर मिसळण्यापूर्वी एवढे करा. जो शब्द वारंवार कानी येतो त्याचे साध्या मराठीत रूपांतर करा. ‘राजवट बदल’ म्हणजे दुसऱ्याच्या देशात शिरून सरकार पाडणे. ‘आगाऊ स्वसंरक्षण’ म्हणजे कोणी मारण्यापूर्वीच त्याला मारणे. शब्द साधा झाला की प्रश्न आपोआप सुचतो. आणि प्रश्न विचारणारास देशद्रोही म्हटले जाईल तेव्हा संघात बहुमताविरुद्ध एकटा उभा राहिलेला सिद्धार्थ आठवा. ठराव हरला म्हणून त्याचे म्हणणे खोटे ठरले नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतील भेद उदाहरण देऊन सांगा.

२. ‘हिशेब लागत नाही’ आणि ‘आहे’ यांत कोणती पायरी गाळली गेली?

३. वरिष्ठाच्या मर्जीसाठी बोललेले शब्द खोटे नसले तरी सम्यक वाचा का ठरत नाहीत?

४. या आठवड्यातील वृत्तपत्रातून असा एक शब्द शोधा, की जो मेलेल्या माणसांना झाकतो. विहारातील सभेत तो सर्वांना साध्या मराठीत समजावून सांगा.